बकुळेचा उजवा डोळा

संपादकांचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की गुरांच्या डॉक्टरकडे थरारक अनुभव असणारच, एखादा पाठवा, वाघाचा असेल तर फारच छान. वाघ मी जन्मात एकदा पाहिला, तोही पिंजऱ्यातला. माझी सगळी नोकरी बैल, म्हशी आणि शेळ्या यांच्या शेपटीमागे गेली. तेव्हा वाघाच्या जातीतलं जे काही माझ्या वाट्याला आलं, ते एक म्हातारी मांजर. तिच्याबद्दल लिहितो. चालत असेल तर छापा.

मुरुडला गुरांच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे चिंचेच्या झाडाखाली जनावर अडकवायचा लाकडी खोडा, आणि एक शिपाई, जो मला बघून उठायचा आणि मी आत गेलो की परत बसायचा. लोक मला ढोरडाक्टर म्हणत. पहिलं वर्ष राग आला, दुसऱ्या वर्षी सवय झाली, तिसऱ्या वर्षी पोस्टमनही त्याच नावानं पत्रं टाकायला लागला. एकदा दिघीहून आगरदांड्याला होडीतून म्हैस आणताना ती मध्येच उभी राहिली, आणि धक्क्यावर उतरलेल्या लोकांनी म्हशीआधी मलाच शिव्या घातल्या. का, तर म्हशीला बोलावलं होतं मी. असा हा धंदा.

काम काय असायचं ते सांगतो. सकाळी दवाखान्यात येतील ती जनावरं. दुपारनंतर सायकल, नाहीतर एसटी, आणि एसटी जिथे संपते तिथून पाय. पण खरं काम पावसाळा सरला की सुरू व्हायचं, ते म्हणजे बुळकांड्याची लस. बुळकांड्या म्हणजे गुरांची पटकी म्हणा. गोठ्यात शिरला की गोठा रिकामा करून जायचा. लस बर्फात ठेवून न्यावी लागे, आणि बर्फ मुंबईहून यायचा, भुसा घालून, निम्मा वितळलेला. इतकी यातायात करून गावात पोचावं तर गुरं डोंगरात पिटाळलेली असायची. लसीनं एखाद्या बैलाला दोन दिवस ताप चढायचा, तो चारा सोडायचा, आणि गावात बोभाटा व्हायचा की डाक्टरनं सुई टोचून बैल मारला. बैल तिसऱ्या दिवशी उठून चरायला लागला, हे सांगायला मात्र कोणी यायचं नाही. एका वर्षी मी एका गावात दिवसभर बसून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जनावरं टोचली आणि उरलेली लस ओतून दिली. ती ओतताना मला रडू फुटायचं बाकी होतं.

मांजर दवाखान्यात आणायची पद्धतच तेव्हा नव्हती. मांजर आजारी पडलं की माळ्यावर जाऊन बसायचं. बरं झालं तर खाली यायचं, नाही तर नाही. कॉलेजातसुद्धा आम्हाला मांजर शिकवलं ते एका तासात, आणि त्यातला अर्धा तास मास्तरांनी कुत्र्यावर घालवला.

त्यामुळे साठ सालानंतरच्या एका भाद्रपदात नाना टोपलीवर पंचा बांधून दवाखान्यात आले, तेव्हा मला वाटलं कोंबडी आहे, आणि मग वाटलं, नानांच्या घरात कोंबडी कशी असेल.

नाना म्हणजे आमच्या गावातले सुपारीचे बागाईतदार. आयुष्यभर मुंबईत एका कचेरीत हेडक्लार्क होते, निवृत्त होऊन बायकोसह बागेत येऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. घड्याळ कोणी लावायचं असेल तर नाना समुद्रावर फिरायला निघाले की लावावं, असा माणूस. आतल्या गावांतले भातशेती करणारे लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायचे. मामलेदार कचेरीतला कारकून नानांचं अक्षर बघितल्यावर कागद परत करत नसे, म्हणून नानांच्या शब्दाला त्या लोकांत मोठा मान होता. ते कुणाकडून एक सुपारीही घेत नसत.

टोपलीत बकुळा होती. तेरा वर्षांची, करड्या रंगाची, कानाचं टोक फाटलेली मांजर. सुपारीच्या कोठीत उंदीर म्हणून शिल्लक ठेवला नव्हता तिनं. गणपतीत नानांच्या भावांची कुटुंबं मुंबईहून आली होती, घरात वीस माणसं, झांजा, आरत्या, पोरांनी तिची शेपटी ओढलेली. ती पाच दिवस माळ्यावरून उतरलीच नाही. उतरली ती शिंकत, नाक वाहत आणि दोन्ही डोळे अर्धे मिटलेले, पाणी गळत असलेले.

"धूळ गेली असेल," मी म्हटलं.

"माळा मी स्वतः झाडून घेतला होता," नाना म्हणाले.

खरं तर अशा वेळी डोळ्यात एक नारिंगी रंगाचं औषध घालतात. बुबुळावर जखम असेल तर तो रंग जखमेत धरतो आणि हिरवा चमकतो. रंग घालावा, जखम आहे का बघावं, मगच औषध ठरवावं. हे पुस्तकात होतं आणि मी वाचलेलं होतं. पण तो रंग माझ्याकडे नव्हता, मागवला की दोन महिने लागायचे, आणि गुरांना कोण डोळ्यात रंग घालतंय म्हणून मी कधी मागवलाच नव्हता. उलट मुंबईच्या औषधवाल्याचा माणूस नुकताच एक नवं मलम ठेवून गेला होता, कॉर्टिझोनचं. लालबुंद डोळा दोन दिवसांत पांढरा करतं अशी त्याची ख्याती. मला ते वापरून बघायची घाई झाली होती, हे आज कबूल करतो.

ट्यूब घेऊन मी नानांबरोबर त्यांच्या घरी गेलो, कसं घालायचं ते दाखवायला. पडवीतल्या बाकावर नानांनी मांजर पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतली. बायको शेजारी बसली. त्यांना सगळा गाव माई म्हणायचा. बकुळा एका माणसाला दोन्ही डोळ्यांना हात लावू द्यायची नाही, एक झाला की फिस्कारून पंजा मारायची. म्हणून वाटणी ठरली. उजवा डोळा नानांचा, डावा माईंचा. दिवसातून चार वेळा.

माईंनी ट्यूब नाकाशी नेली. "याला कसला हो वास येतो?"

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्टच झाली नसती, म्हणजे वेगळी झाली असती. पण मला माहिती सांगायची खोड. मी म्हटलं, "मलम कशात तरी कालवावं लागतं ना माई. मेंढीच्या लोकरीतून चरबी काढतात, ती असते थोडी."

माईंनी ट्यूब बाकावर ठेवली आणि हात पदराला पुसले. त्यांचा चातुर्मासाचा नेम चालू होता, त्यात काय काय वर्ज्य होतं ते त्यांनाच ठाऊक. 

दुसरा प्रश्न खाण्याचा. बकुळा दूधभात हुंगायची आणि तोंड फिरवायची. मी पथ्य विचार करून सांगितलं, पातळ पेज द्या, गूळ घालून. तेव्हा अंगणात सुपारी सोलायला बसलेली चांगुणा हसली. ती कोळीवाड्यातली.

"डाक्टर, तिचा नाक बंद हाय. वासच येत न्हाय तर ती खानार कशी? वासाचा कायतरी द्या."

"म्हणजे काय देऊ?"

"सुकट. गरम करून. मेलेला पन उठून बसंल."

नाना माईंकडे बघायला लागले आणि माई आढ्याकडे. बकुळा गेली तेरा वर्षं दुपारी कोळीवाड्यात जाऊन काय करते हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी उच्चारलं नव्हतं. शेवटी माई म्हणाल्या, "विहिरीपलीकडे, कुंपणाशी घाल हो चांगुणा. आणि भांडं तुझंच आण." त्या दिवशी बकुळा जेवली. मांजराच्या आहाराबद्दल मला कॉलेजात जे शिकवलं त्यापेक्षा चांगुणेचं एक वाक्य जास्त उपयोगी पडलं, आणि पुढे कित्येक मांजरांना मी ते माझं म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा उजवा डोळा स्वच्छ. लाली गेलेली, पाणी थांबलेलं. डावा मात्र होता तसाच लाल. नाना खूश होते. सकाळी सहा, अकरा, चार आणि रात्री नऊ, एकदाही पाच मिनिटं इकडची तिकडे झाली नव्हती.

"तुमच्या बाजूला काय झालं माई?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. "औषध नीट पडतंय ना? पापणी ओढून आत घालायचं असतं, बाहेर फासायचं नसतं."

"घालते हो," माई खाली बघत म्हणाल्या.

"नानांचं बघून शिका," असंही मी म्हटलं. ते वाक्य मला अजून टोचतं.

त्यानंतर आठवडाभर मी आतल्या गावात होतो. परत आलो तर नाना दवाखान्याच्या पायरीवर बसलेले. उजवा डोळा दुधाळ निळसर झाला होता, बुबुळाच्या मध्यभागी खळगा दिसत होता, आणि बकुळा तो उघडूच देत नव्हती. डावा लाल, पण उघडा. मला काही कळेना. म्हटलं, मलम जास्त वेळा घाला, सहा वेळा. असं मी खरंच सांगितलं.

सुदैवानं त्याच आठवड्यात मुरुडच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर लागलं. मुंबईहून डोळ्यांचे मोठे सर्जन आले होते. मी नानांना म्हटलं, चला. शाळेच्या व्हरांड्यात शेदीडशे म्हातारी माणसं बसलेली, आणि त्या रांगेत धोतर, कोट, टोपी घातलेले नाना मांडीवर टोपली घेऊन. एका आजीनं विचारलं, टोपलीत काय आहे. नाना म्हणाले, "पेशंट."

सर्जन भला माणूस. रांग संपल्यावर दहा मिनिटं दिली त्यांनी. नारिंगी रंगाचा थेंब दोन्ही डोळ्यांत सोडला, खिडकीची दारं लावली आणि निळा दिवा धरला. डाव्या डोळ्यावर बारीक हिरव्या रेघा उमटल्या, निष्पर्ण फांदीसारख्या. उजव्या डोळ्यात फांद्या नव्हत्याच. अर्धं बुबुळ एकसलग हिरवं झालं होतं.

ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले. धोतरातल्या म्हाताऱ्यासमोर माझी शोभा होऊ नये, हा हेतू. म्हणाले, माणसाच्या डोळ्यात अशा रेघा दिसल्या की तो विषाणूचा व्रण असतो. लहानपणी सर्दीत शिरतो, मग अंगात दडून बसतो, आणि म्हातारपणी दगदग झाली, धसका बसला, उपास घडला की पुन्हा डोकं काढतो. मांजरांतही तसलाच विषाणू सापडल्याचं त्यांनी वाचलं होतं. मग विचारलं, काय घातलंत. मी सांगितलं, कॉर्टिझोन. त्यांनी दिवा विझवला. म्हणाले, त्यानं लाली जाते, कारण अंगाचा जो प्रतिकार चाललेला असतो तोच झोपतो. विषाणूला मग रान मोकळं. या व्रणात कॉर्टिझोन घालणं म्हणजे आगीत तेल ओतणं. आजच बंद करा. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डावा वाचेल, पण एक कोडं आहे, दोन्हीत एकच औषध घातलंत तर डावा इतका चांगला कसा राहिला?

 आणि नाना, तीस वर्षं इंग्रजीत खलिते लिहिलेला हेडक्लार्क, माझ्या शेजारी उभे राहून प्रत्येक शब्द ऐकत होते.

नाना टोपली घेऊन घराकडे चालायला लागले. फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "म्हणजे दिवसातून चार वेळा मीच."

"नाना, तुम्ही नाही. औषध माझं होतं. चूक माझी आहे, सर्वस्वी माझी."

"हात माझा होता," ते म्हणाले.

पडवीत माई उभ्या होत्या. सर्जननी काय सांगितलं ते मी त्यांना मराठीत सांगितलं, काही न लपवता. त्यांचं तोंड उतरलं आणि त्या एकदम रडायला लागल्या. मला वाटलं उजव्या डोळ्यासाठी. पण त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नका. मी डाव्या डोळ्यात ते कधी घातलंच नाही. माझा नेम होता. यांचं तोंड पंजाच्या भीतीनं पलीकडे वळलेलं असायचं, तेवढ्यात मी उकळून निववलेल्या पाण्याचा बोळा फिरवायचे आणि ट्यूब बंद करायचे. तुम्हालाही खोटं सांगितलं."

म्हणजे माझा हुकूम ज्यानं तंतोतंत पाळला त्याच्या वाट्याचा डोळा गेला, आणि जिनं मोडला तिच्या वाट्याचा राहिला. मी माईंना म्हटलं, "रागावण्याचा अधिकार आज तुमचा आहे. तुम्ही डोळा वाचवलात." त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. नाना मात्र तसेच बागेत गेले आणि दिवेलागणीपर्यंत परत आले नाहीत.

सर्जननी मुंबईहून थेंबांची बाटली पाठवली. माणसांसाठी नुकतंच निघालेलं औषध होतं, नाव आयडॉक्सयुरिडीन, ते उच्चारायलाच मला दोन दिवस लागले. जागेपणी दर दोन तासांनी एक थेंब, दोन्ही डोळ्यांत. आणि अट अशी की बाटली थंड आणि अंधारात ठेवायची. मुरुडात तेव्हा बर्फाचं कपाट कोणाकडे होतं? माझ्याकडे बर्फ यायचा तो लसीच्या दिवसापुरता. पण लस राखून राखून एवढं मला कळत होतं की कोकणातली सगळ्यात गार काळोखी जागा म्हणजे विहीर. बाटली मेणकापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घातली, डबा सुंभानं बांधून विहिरीत पाण्याच्या हातभर वर टांगला. वापरा आणि परत सोडा.

थेंब घालायची वेळ आली तेव्हा नानांनी बाटली हातात घेतली, झाकण उघडलं आणि परत लावलं. त्यांनी ती माईंना दिली. "तू घाल. दोन्हीत तूच घाल." त्यानंतर त्यांनी डोळ्याला हात लावला नाही. बकुळेनं फिस्कारून पंजे मारले तरी माई एकट्या दोन्ही डोळे उरकायच्या. पण दर दोन तासांनी विहिरीवर जायचे, डबा ओढायचे, पडवीत आणून द्यायचे, परत नेऊन सोडायचे. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. पासष्टी उलटलेला माणूस. मी म्हटलं, गड्याला सांगा. म्हणाले, "गडी घड्याळ बघत नाही."

तीन आठवडे लागले. डाव्या डोळ्यातल्या रेघा गेल्या, एक धुरकट ठिपका राहिला. उजव्यात पांढरं फूल पडलं ते पडलंच. बकुळेनं फार मनाला लावून घेतलं नाही. आठ दिवस दाराच्या चौकटीला आपटली, मग शिकली. दुपारी कोळीवाड्यात जायची ती परत जायला लागली. मी मात्र मुंबईला पत्र लिहून तो नारिंगी रंग मागवला. पुढे निवृत्त होईपर्यंत तो माझ्या पेटीत होता, आणि रंग घातल्याशिवाय मी कुठल्याही डोळ्याला औषध दिलं नाही, मग तो रेड्याचा का असेना. तरुण डॉक्टर हसायचे.

माझ्या मनात एक धास्ती होती, ती लपवत नाही. नानांकडे रोज आतल्या गावची माणसं अर्ज घेऊन यायची. पडवीत एका डोळ्यानं आंधळी मांजर बसलेली असणार. लोक विचारणार, हिला काय झालं. नाना खोटं बोलणारे नव्हेत. डाक्टरच्या औषधानं डोळा गेला, एवढं एक वाक्य खेड्यात पोचलं की यंदा एकही बैल खोड्याशी येणार नाही, आणि बुळकांड्या आला तर गोठे ओस पडतील. मी त्यांना सांगू शकलो असतो की नाना, एवढं बोलू नका. पण कोणत्या तोंडानं?

कार्तिकात लस आली. ज्या गावात आदल्या वर्षी मी उरलेली ओतून दिली होती, त्याच गावाला सगळ्यांत आधी गेलो. एसटीतून उतरून दोन मैल चाललो, आणि लांबूनच आवाज ऐकू आला. देवळापुढच्या माळावर गुरंच गुरं. दावी धरून माणसं बसलेली, बायका वासरं घेऊन उभ्या.  पिचकारी भरली, कामाला लागलो. दुपारपर्यंत मान वर केली नाही.

एका बैलाचं शिंग धरून उभा असलेला म्हातारा शेतकरी आपणहून बोलायला लागला. "नानांनी सांगितला म्हून आनलीत सगली. अर्ज लिवायला गेलतो. म्हनाले, डाक्टर सांगंल तसा करा."

"असं म्हणाले?"

"व्हय. त्यांच्या मांजरीचा डोला तुमी वाचवलाव म्हनं. विहिरीत औषद टांगून."

"आणि दुसरा?" माझ्या तोंडून निघून गेलं. "दुसऱ्याबद्दल काय म्हणाले?"

"तो व्हय. तो त्यांचंच नख लागून गेला ना. औषद घालताना. सगल्यांना सांगतात बिचारे. म्हनतात, माजा हात धड न्हाय, डाक्टरचा काय दोष न्हाय."

पिचकारी माझ्या हातात तशीच राहिली. माळावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि खरं काय ते सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यासरशी अर्धा माळ रिकामा झाला असता, हे नानांना माझ्याआधी कळलं होतं. पुढे ते सात वर्षं जगले. मी महिन्यातून एकदा तरी त्यांच्या पडवीत बसायचो. त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. त्या दिवशी माळावर मी बैलाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली, सुई आत घातली आणि म्हटलं, "पुढचा आणा."